आ करा

डॉक्टरांनी एका बाईंच्या खालच्या दाढेत सिमेंट भरायला घेतलं होतं, तेवढ्यात बायकोचा फोन आला. दोन्ही हात गुंतलेले होते, म्हणून दवाखान्यातल्या मदतनीस मावशींनी फोन त्यांच्या कानाला लावून धरला.

"अहो, शाळेतून बोलावणं आलं होतं."

"हं."

"आज सकाळी सगळ्या शाळेसमोर आपल्या लेकीला माइकवर सुविचार वाचायचा होता. एकच ओळ! ती माइकसमोर जाऊन उभी राहिली आणि नुसती बघत राहिली."

"हं."

"सगळी शाळा तिच्याकडे बघतेय, ती शाळेकडे बघतेय. शेवटी तासाची घंटा झाली तेव्हा सुटका झाली सगळ्यांची. वर्गबाई मला विचारत होत्या, घरी तरी बोलते का हो ही? काय सांगू मी त्यांना?"

"हं," डॉक्टर म्हणाले आणि कोपरानं मावशींना फोन बाजूला घ्यायची खूण केली. पलीकडून "तुम्हाला विचारण्यात काही अर्थच नाही" असं ऐकू आलं, ते खुर्चीत आडव्या पडलेल्या बाईंनाही ऐकू आलं.

डॉक्टर मुळात अबोल. दातांचा धंदा त्यांनी निवडला, त्यात त्यांच्या या स्वभावाचा मोठा वाटा होता. पोटाच्या डॉक्टरला पेशंटचं सगळं पुराण ऐकावं लागतं. दातांच्या डॉक्टरपुढे माणूस येतो, आडवा पडतो, तोंड उघडतो आणि मग त्या तोंडात आरसा, कापूस आणि थुंकी ओढणारी नळी जाते. संभाषण संपलं. "आ करा", "चूळ भरा" आणि "या बाजूनं चावू नका" एवढ्या तीन वाक्यांवर डॉक्टरांचा दवाखाना कित्येक वर्षं छान चालला होता. मुलगी त्यांच्यावरच गेली होती. घरात सगळे तिला मौनी म्हणत. बोलायची सगळी जबाबदारी आईवर होती, आणि आईनं ती कधी नाकारली नव्हती. त्या विमा विकत. समोरच्याला आधी मरणाची आणि मग जगण्याची भीती घालून, वर चहा पाजून सही घेण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं.

त्यामुळे घरी येईपर्यंत निर्णय झालेला होता. टेबलावर वक्तृत्व वर्गाचं एक चकचकीत पत्रक पडलं होतं. त्यावर हात उंचावलेला एक मुलगा आणि खाली वक्तृत्वाचे फायदे होते. आत्मविश्वास वाढतो, विचारांना शिस्त लागते, भीती पळते, नेतृत्वगुण येतात.

"मोठी झाली की बोलेल आपोआप," डॉक्टर म्हणाले.

"तुम्ही मोठे झालात ना? बोलता?"

या प्रश्नावर डॉक्टर काही बोलले नाहीत, आणि त्यामुळे वाद हरले.

वक्तृत्वाचे सर सायकलच्या दुकानावरच्या माडीवर शिकवत. उंची बेताची, पण आवाज असा, की खाली पंक्चर काढणारा दर थोड्या वेळानं दचकून वर बघे. पहिल्याच दिवशी त्यांनी डॉक्टरांना दारात गाठलं. "आमचे नियम अगदी साधे आहेत. श्रोत्यांच्या डोळ्यांत बघायचं. उदाहरण पुस्तकातलं नको, स्वतःच्या अनुभवातलं द्यायचं. शेवट प्रश्नानं करायचा, म्हणजे श्रोता घरी जाऊनही विचार करत राहतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, एकदा सुरू केलं की काहीही झालं तरी थांबायचं नाही. छत पडलं तरी!"

डॉक्टरांनी छताकडे बघितलं आणि मान हलवली.

पहिले काही आठवडे काहीच झालं नाही. मौनी क्लासला जाई, परत येई, गप्प राही. डॉक्टरांना आतल्या आत समाधान वाटू लागलं होतं. आणि मग एका सकाळी, डॉक्टर चहात बिस्किट बुडवत असताना, समोरची खुर्ची सरकली. मौनी उभी राहिली. तिनं डॉक्टरांच्या डोळ्यांत डोळे घातले.

"सन्माननीय आई, आदरणीय बाबा आणि इथं जमलेल्या माझ्या मित्रमैत्रिणींनो!"

डॉक्टरांनी दचकून मागे बघितलं. मागे फक्त फ्रिज होता. तेवढ्यात बिस्किट तुटून चहात पडलं.

विषय होता 'स्वच्छता'. उदाहरण अनुभवातलं होतं, म्हणजे डॉक्टर मोजे कुठे टाकतात याचं होतं. शेवट प्रश्नानं झाला. "तर मग मला सांगा, जो माणूस दुसऱ्यांचे दात घासून देतो, त्याला स्वतःचे मोजे उचलता येऊ नयेत का?"

आईनं इतक्या जोरात टाळ्या वाजवल्या, की शेजारचे लोक गॅलरीत आले. "बघा! बघा आत्मविश्वास!" त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. डॉक्टरांच्या चहात बिस्किटाचा गाळ होता.

त्यानंतर घराला शांतता अशी राहिली नाही. मौनी लिफ्टमध्ये बोले. लिफ्ट थांबली तरी ती थांबत नसे, त्यामुळे वरच्या मजल्यावरचे सद्गृहस्थ गुडघे दुखत असूनही जिन्यानं जाऊ लागले. ती भाजी घेताना बोले. दूधवाल्याशी 'वक्तशीरपणा' या विषयावर बोलली, त्याचा परिणाम म्हणून तो इतक्या पहाटे यायला लागला, की त्याला दार उघडायला डॉक्टरांना उठावं लागे. डॉक्टरांनी एकदा धीर करून म्हटलं, "मौने, जरा वेळ गप्प बसशील का?" तेव्हा तिनं त्यांच्या डोळ्यांत बघितलं आणि 'गप्प बसण्याचे तोटे' यावर सुरुवात केली.

खरा घोटाळा पुढे झाला. सरांनी मुलांना सांगितलं, की घरच्यांसमोर कोणीही बोलेल, आता अनोळखी माणसांसमोर बोलायचं. शिवाय ती माणसं उठून जाणार नाहीत अशी जागा शोधायची. बाकीची मुलं विचार करत बसली. मौनीला विचार करावा लागला नाही.

त्याच दिवशी आईला एका गिऱ्हाइकाकडे जायचं होतं. त्यांनी शाळा सुटल्यावर मौनीला दवाखान्यात सोडलं. बाहेरच्या खोलीत गर्दी होती. बँकेतल्या एक बाई गाल धरून बसल्या होत्या, त्यांच्याशेजारी सुजलेल्या तोंडाचा रिक्षावाला होता. भिंतीला टेकून हार्डवेअरच्या दुकानाचे मालक बसले होते. हा माणूस दरवाज्याएवढा, पण इंजेक्शन म्हटलं की पाण्यासारखा पातळ होई. त्यांची दाढ काढायची होती आणि ते आतापर्यंत चारदा दारापर्यंत येऊन परत गेले होते. आज पहिल्यांदाच ते खुर्चीवर बसले होते.

"मौने, इथं बस. काही बोलायचं नाही," डॉक्टरांनी बजावलं आणि आत जाऊन एका पेशंटच्या दातात ड्रिल घातलं.

ड्रिलच्या आवाजातून त्यांना बाहेरून काहीतरी लयीत ऐकू येऊ लागलं. त्यांनी ड्रिल थांबवलं.

"...आणि इथं जमलेल्या माझ्या मित्रमैत्रिणींनो! आज माझा विषय आहे, भीती."

"मावशी," डॉक्टर म्हणाले, "तिला गप्प करा."

मावशी गेल्या आणि परत आल्या नाहीत. त्यांना भाषण आवडलं होतं. डॉक्टरांना उठता येत नव्हतं, कारण आतल्या पेशंटचा दात अर्धवट उघडा होता आणि तो माणूस डोळे मोठे करून एकटक त्यांच्याकडे बघत होता.

"भीती वाटणं यात लाज वाटण्यासारखं काही नाही," बाहेरून स्वच्छ, खणखणीत आवाज आला. "मी माझ्या अनुभवातलं उदाहरण देते. माझे बाबा रोज लोकांच्या दाढा काढतात. पण त्यांची स्वतःची एक दाढ किडली आहे. ते एकाच बाजूनं जेवतात. थंड पाणी प्यायले की असं करतात." इथं बहुधा अभिनय झाला, कारण रिक्षावाला हसल्याचा आणि मग दुखून कळवळल्याचा आवाज आला. "आई म्हणते, पलीकडच्या चौकातल्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन काढून टाका. पण बाबा म्हणतात, मी नाही जाणार, मला माहितीय तिथं काय काय करतात! तर मग मित्रहो, शेवटी मी तुम्हाला एकच विचारते. ज्यांना सगळं माहिती आहे तेच जर जात नाहीत, तर आपण इथं का बसलो आहोत?"

श्रोते विचार करत होते. मग खुर्च्या सरकल्याचे आवाज आले.

डॉक्टर हातमोज्यांसकट बाहेर धावले. हार्डवेअरवाले दारात चपला घालत होते. "डॉक्टर, राग मानू नका," ते घाम पुसत म्हणाले, "पण आधी तुमचं होऊन जाऊ दे. मग माझं बघू." त्यांच्यामागोमाग रिक्षावालाही गेला. बँकेतल्या बाई जाता जाता मौनीच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाल्या, "किती मुद्देसूद बोलते हो!"

आतला एकटा पेशंट तेवढा राहिला. त्याचा दात अर्धवट उघडा होता, म्हणून राहिला.

घरी त्या संध्याकाळी डॉक्टर आयुष्यात पहिल्यांदा सलग चार-पाच वाक्यं बोलले. "अगं, ती मला बुडवेल! दवाखाना रिकामा केला तिनं! एक भाषण आणि सगळे गेले! माझी किडलेली दाढ ही काय चारचौघांत सांगायची गोष्ट आहे?"

"यात खोटं काय बोलली ती?" बायको शांतपणे म्हणाली.

हाच तर मुद्दा होता. ती खोटं बोलली असती तर डॉक्टरांना काही म्हणता आलं असतं.

पुढच्या दिवसांत त्यांच्या दाढेची बातमी सगळीकडे पसरली. औषधांच्या दुकानदारानं गोळ्यांची पट्टी फाडता फाडता विचारलं, "डाव्या बाजूची का उजव्या?" केस कापणाऱ्यानं न विचारताच उजव्या गालाला हलक्या हातानं साबण लावला. लिफ्ट टाळणारे वरच्या मजल्यावरचे सद्गृहस्थ जिन्यात थांबून म्हणाले, "लवंगेचं तेल लावून बघा," आणि वर, "अर्थात तुम्हाला मी काय सांगणार म्हणा." बाहेरच्या खोलीतल्या खुर्च्या रिकाम्या पडू लागल्या. मावशी त्या रोज पुसत, कारण दुसरं काम उरलं नव्हतं.

अशा वेळी सरांचा फोन आला.

"डॉक्टरसाहेब, अभिनंदन! आमच्या वक्तृत्व स्पर्धेत तुमची कन्या अंतिम फेरीत पोचली. आणि यंदा आम्ही एक नवीन गोष्ट करतोय. अंतिम फेरीतल्या एका मुलाच्या पालकांनी स्टेजवर येऊन दोन शब्द बोलायचे. विषय आहे, मुलांसाठी वक्तृत्वाचे फायदे. आम्ही तुमचं नाव घातलंय."

"तिची आई बोलेल," डॉक्टर घाईघाईनं म्हणाले. "ती फार छान बोलते."

"तुमच्या मुलीनंच तुमचं नाव सुचवलं! म्हणाली, आईला सगळ्यांनी ऐकलंय, बाबांना कोणीच ऐकलेलं नाही."

"पण मला दवाखाना असतो संध्याकाळी. गर्दी असते."

"गर्दी?" सरांनी हळूच विचारलं. "मला वाटलं, सध्या जरा..." डॉक्टरांनी फोन ठेवला. ज्या भाषणानं दवाखाना रिकामा केला, त्या भाषणामुळेच आता दवाखान्याची सबबही गेली होती. या गोष्टीचा त्यांना दवाखाना रिकामा होण्यापेक्षा जास्त संताप आला.

बायकोकडे दाद मागण्यात अर्थ नव्हता. ती साडी ठरवत होती. तेव्हा डॉक्टरांनी सरावाला सुरुवात केली. दवाखान्याच्या कपाटावर प्लॅस्टरच्या कवळ्या ठेवलेल्या होत्या. पेशंटच्या तोंडाचे ते सगळे साचे आ वासून रांगेत बसलेले होते. याहून बरा श्रोतृवर्ग मिळणं कठीण, म्हणून डॉक्टर त्यांच्यासमोर उभे राहिले. "सन्माननीय..." एवढं म्हणून झाल्यावर त्यांच्या घशाला कोरड पडली. त्यांनी चूळ भरली. "सन्माननीय..." परत चूळ. मावशींनी दारातून डोकावून विचारलं, "डॉक्टर, कुणी आलंय का? पाणी तोंडात घेतल्याचा आवाज येतोय."

घरी मौनीनं त्यांची तयारी घ्यायचा प्रयत्न केला. "बाबा, माझ्या डोळ्यांत बघा. अहो, तुम्ही माझ्या दातांकडे बघताय."

"सवय आहे," डॉक्टर वैतागून म्हणाले.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी डॉक्टर उठले ते ठणकणारी दाढ घेऊन. गाल जड झाला होता. आरशासमोर उभे राहून त्यांनी त्या दाढेला मनातल्या मनात शिव्या घातल्या. हिच्यामुळे हे सगळं झालं. आणि मग शिव्या घालता घालता ते मधेच थांबले. दाढ काढली की तोंड बधिर होतं. वर कापूस दाबून धरावा लागतो. आणि पेशंटला काय सांगतात? बोलू नका. जगातला कोणताही सुजाण माणूस, अगदी वक्तृत्वाचे सरसुद्धा, तोंडात कापूस असलेल्या माणसाला भाषण करायला लावू शकत नाही.

त्यांना दाढ काढून घ्यायची भयंकर भीती वाटत होती. पण दोन भीतींना समोरासमोर उभं करून बघितल्यावर एक सरळ दुसरीपेक्षा डोक्यानं उंच निघाली. दुपारी घरी न सांगता डॉक्टर पलीकडच्या चौकात गेले.

तिथल्या डॉक्टरीणबाई वयानं लहान, हातानं हलक्या आणि बोलायला अखंड होत्या. "या या! मला वाटलंच होतं तुम्ही येणार! सगळ्यांना वाटत होतं. आ करा. अरे बाप रे, केव्हापासून अशी ठेवलीत? मुलगी कशी आहे? फार सुरेख बोलते म्हणे. तुमचे दोन पेशंट माझ्याकडे आले, तेच सांगत होते. तुम्ही कुठली सिरिंज वापरता हो?"

"आऽ," डॉक्टर म्हणाले.

"मीही तीच! आणि तुमच्याकडे मदतीला किती जणी आहेत?"

"आऽ."

छताकडे बघत, मुठी आवळून पडल्या पडल्या डॉक्टरांना वाटत होतं, की आपल्या खुर्चीतली माणसं इतकी वर्षं काय काय सांगायचा प्रयत्न करत असतील कोण जाणे. तेवढ्यात "झालं!" असं ऐकू आलं. त्यांचा विश्वास बसेना. काहीच दुखलं नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी कापसाचा बोळा दाबला आणि म्हणाल्या, "घट्ट धरून ठेवा. आणि आता संध्याकाळभर अजिबात बोलायचं नाही हं!"

इतकं गोड वाक्य डॉक्टरांनी बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं.

सभागृह भरलेलं होतं. बायको कामावरून थेट स्कूटरनं आली होती. तिनं नवऱ्याचा सुजलेला, एका बाजूनं लोंबणारा चेहरा बघितला आणि कपाळाला हात लावला. "अहो! इतके महिने नाही आणि आजच?"

"ऊं," डॉक्टर म्हणाले, आणि शक्य तितका दुःखी चेहरा केला. अर्धा चेहरा बधिर असल्यामुळे तो चांगलाच दुःखी झाला.

सगळं ठरल्यासारखं चाललं होतं. मुलांची भाषणं झाली. मौनी तिच्या विषयावर बोलली, टाळ्या झाल्या. पण सर माइकपाशी आले तेव्हा त्यांचा आवाज भरून आला होता. "मंडळी, आता एका पालकांचे दोन शब्द. मला आत्ताच कळलं, की त्यांची आज दाढ काढली. तोंडात कापूस आहे. दुसरा कोणी असता तर घरी पडून राहिला असता. पण हा बाप आला! मंडळी, याला म्हणतात निष्ठा!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. शेजारच्या दोघांनी डॉक्टरांना काखेत हात घालून उठवलं. ते स्टेजवर कसे पोचले हे त्यांना कळलं नाही. समोर माणसंच माणसं होती आणि एकाचंही तोंड उघडं नव्हतं. त्यांनी गालाकडे बोट दाखवलं, हात जोडले आणि "माफ करा, मला बोलता येत नाही, मी बसतो" असं म्हणायचा प्रयत्न केला. माइकमधून "आऊ अआ, अआ ओआआ एअ आई" असं काहीतरी सभागृहभर घुमलं.

मौनी पहिल्या रांगेतून उठली आणि पायऱ्या चढून वर आली. "मला कळतं बाबांचं," ती दुसरा माइक घेऊन म्हणाली. "दवाखान्यात सगळे असंच बोलतात. बाबा म्हणतायत, सन्माननीय व्यासपीठ आणि इथं जमलेल्या माझ्या मित्रमैत्रिणींनो!"

डॉक्टरांनी जोरजोरात मान हलवली.

"बाबा म्हणतायत, मला इतकं भरून आलंय, की मान हलतेय."

"ऊंऽ! ऊं ऊं!"

"बाबा म्हणतायत, वक्तृत्वानं मुलांचा आत्मविश्वास वाढतो, हे सगळ्यांना माहिती आहे. पण त्याचा खरा फायदा आईबाबांना होतो. मूल गप्प असलं की घरात काहीही चालतं. मूल बोलायला लागलं की घरातलं सगळं बाहेर येतं. मग आईबाबांना सुधारावंच लागतं. माझ्या मुलीनं माझ्या दाढेबद्दल सगळ्यांना सांगितलं, म्हणून मी आज जाऊन ती काढून आलो. ती बोलली नसती, तर माझी दाढ अजून तिथंच असती."

डॉक्टरांची मान हलायची थांबली. यातलं एक अक्षरही ते बोलले नव्हते, आणि खोडून काढावं असंही त्यात काही नव्हतं.

"आणि बाबा शेवटी तुम्हाला विचारतायत," मौनीनं श्रोत्यांच्या डोळ्यांत बघितलं. "तुमच्या घरात अशी कोणती दाढ आहे?"

सभागृहात हशा उसळला. बायका नवऱ्यांकडे बघू लागल्या, नवरे पंख्यांकडे. मागच्या बाजूला दरवाज्याएवढं काहीतरी उभं राहिलं. ते हार्डवेअरवाले होते. त्यांचा नातूही स्पर्धेत होता. "डॉक्टर!" ते कापऱ्या आवाजात ओरडले. "एकच सांगा. दुखलं का?"

डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली. हे मात्र त्यांनी अगदी मनापासून सांगितलं.

"मग उद्या येतो मी!" हार्डवेअरवाले म्हणाले आणि घाबरून लगेच खाली बसले.

टाळ्या थांबेनात. सरांनी चष्मा काढून डोळे पुसले आणि माइक ओढून घेतला. "मंडळी, इतकं प्रामाणिक भाषण या व्यासपीठावर झालेलं नाही! पुढच्या महिन्यात आपलं वार्षिक संमेलन आहे. प्रमुख वक्ते म्हणून मी आत्ताच डॉक्टरांचं नाव जाहीर करतो. तोवर जखमही भरेल. अर्धा तास बोलतील ते!"

"आई! आई!" डॉक्टर जिवाच्या आकांतानं ओरडले. त्यांना "नाही, नाही" म्हणायचं होतं.

"बाबा हो म्हणतायत," मौनी म्हणाली. "आणि आईचे आभार मानतायत."

आईनं पदर डोळ्यांना लावला.

कार्यक्रम संपल्यावर बायको स्कूटरनं पुढे गेली. डॉक्टर आणि मौनी गाडीनं निघाले. मौनी मागच्या सीटवर, मांडीवर बक्षिसाचा कप घेऊन बसली होती. रस्त्यावर गर्दी होती. गाडी पुढे सरकत नव्हती आणि डॉक्टरांच्या ओठात हळूहळू मुंग्या येऊ लागल्या होत्या. त्यांनी कापूस काढला, जीभ फिरवून बघितली आणि संध्याकाळपासून साठवलेलं वाक्य बाहेर काढलं.

"मी नाही म्हणत होतो."

"मला कळलं होतं, बाबा."

"कळलं होतं? मग हो का सांगितलंस?" डॉक्टरांचा आवाज चढला. "मला भीती वाटते, मौने! हातपाय गार पडतात. तुझं बरं आहे. तुला आता कशाचीच भीती वाटत नाही."

डॉक्टरांनी आरशात बघितलं. मौनी खिडकीबाहेर बघत होती.

"वाटते," ती म्हणाली. "रोज वाटते. पोटात दुखतं."

"रोज?" डॉक्टर मागे वळले. "मग इतकं बोलतेस कशी?"

"बोलत असले की दुखत नाही. थांबले की परत दुखायला लागतं." ती म्हणाली, "म्हणून मी थांबतच नाही."

मागच्या गाडीनं भोंगा वाजवला. पुढे जागा झाली होती. डॉक्टरांनी गाडी पुढे घेतली. लिफ्ट, दूधवाला, बाहेरची खोली, सगळीकडची ती भाषणं त्यांच्या कानांत परत वाजून गेली, आणि पहिल्यांदाच त्यांचा वैताग कुठे टेकवावा ते त्यांना कळेना.

बराच वेळ दोघं गप्प होती. डॉक्टरांनी पुन्हा आरशात बघितलं. मौनीनं कप पोटाशी घट्ट धरला होता. डॉक्टरांनी घसा खाकरला. स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलं, समोरच्या टेम्पोच्या मागच्या दिव्यांकडे नजर लावली आणि अगदी खालच्या आवाजात, अजून जड असलेल्या जिभेनं सुरुवात केली.

"सन्माननीय व्यासपीठ... आणि इथं जमलेल्या..."

मागे सीट करकरली. मौनी पुढे सरकून दोन्ही सीटच्या मधे डोकं घालून बसली होती.

"मोठ्यानं, बाबा," ती म्हणाली. "मागच्या रांगेत ऐकू येत नाहीये."